कारण न सापडलेला रिकॉल

"आता दाबतो बघा, मॅडम," असं म्हणून पोपट गराडे यांनी ब्रेक दाबला. गाडी जागच्या जागी थांबली. त्यांनी ती पुन्हा पळवली, पुन्हा दाबला. पुन्हा थांबली. चाकणच्या आमच्या प्लांटमागच्या टेस्ट ट्रॅकवर, भर उन्हात, ते आपला मिनी टेम्पो घेऊन गोल गोल फिरत होते. गाडी दर वेळी इतकी छान थांबत होती की त्यांचाच चेहरा उतरत चालला होता.

"हितं लागतुय," ते खाली उतरून म्हणाले. "रस्त्यावं न्हाई लागत. मी खोटं बोलतुय व्हय?"

"नाही हो. असं कोण म्हणतंय?"

"तुमचा सर्व्हिसवाला म्हंतुय. म्हंतो, गराडे, तुमाला गाडीच चालवता येत न्हाई."

गराडे पवन मावळातले. रोज पहाटे गावोगावचं दूध गोळा करून चिंचवडला पोचवायचे. मी जन्मले नव्हते तेव्हापासून ते गाडी चालवत असावेत. त्यांची तक्रार एकच होती. कधी कधी ब्रेकचं पेडल दगडासारखं घट्ट होतं, पाय दाबून दाबून दुखतो, पण गाडी थांबत नाही. आणि थोड्या वेळानं सगळं आपोआप नीट होतं.

मी तेव्हा टेम्पो बनवणाऱ्या या कंपनीत फील्ड क्वालिटीचं काम पाहत होते. म्हणजे विकून झालेल्या गाड्यांच्या तक्रारी. गाडी फॅक्टरीत असते तोवर ती दुसऱ्यांची, गेटबाहेर जाऊन बिघडली की माझी. आमच्या खात्यात एक शेरा फार वापरला जातो: एनपीएफ. 'नो प्रॉब्लेम फाउंड'. ग्राहक म्हणतो बिघाड आहे, आम्हाला दिसत नाही, की एनपीएफ लिहून गाडी परत. गराड्यांच्या गाडीवर हा शेरा आधीच पडलेला होता. पण अशाच तक्रारी कोल्हापूरहून आल्या होत्या, नाशिकहून आल्या होत्या, एक तर विदर्भातून. सगळ्यांचं वर्णन सारखं. सगळ्यांवर एनपीएफ. गाडी आमच्याकडे आली की शहाण्यासारखी वागायची.

ब्रेकचं थोडं सांगते. आपण पेडल दाबतो तेव्हा नुसत्या पायाच्या जोरावर भरलेली गाडी थांबत नाही. इंजिनाजवळ एक पंप असतो, तो हवा ओढून घेतो. त्या ओढीच्या, म्हणजे व्हॅक्यूमच्या, जोरावर बूस्टर नावाचा एक डबा आपल्या पायाला मदत करतो. पंपापासून बूस्टरपर्यंत एक रबरी नळी जाते, तिला आम्ही होज म्हणतो. त्या होजच्या आत एक छोटा व्हॉल्व्ह बसवलेला असतो. तो हवेला एकाच दिशेनं जाऊ देतो. यातलं काहीही बंद पडलं की बूस्टरची मदत जाते. ब्रेक असतो, पण माणसाला पेडलवर अक्षरशः उभं राहावं लागतं.

हे सगळं मला माहीत होतं. फक्त मदत का जाते आणि परत का येते, हे माहीत नव्हतं.

त्याच सुमारास कंपनीचं दुसरंच काहीतरी चाललं होतं. कंपनी अडचणीत होती. विक्री घसरलेली, कर्ज वाढलेलं, बँका नवीन द्यायला तयार नव्हत्या. म्हणून मालकांनी राज्य सरकारकडे पॅकेज मागितलं होतं. काही वर्षं करात सवलत आणि कर्जाला सरकारची हमी, असं त्याचं स्वरूप. मंत्रालयातून एक समिती प्लांट पाहायला येणार होती. भिंतींना रंग दिला जात होता. कॅन्टीनच्या जेवणात अचानक गोड पदार्थ दिसायला लागला.

आणि सगळीकडे एकच वाद. सरकारनं खासगी कंपनीला वाचवावं का? बसमध्ये, कॅन्टीनमध्ये, गेटवरच्या चहाच्या टपरीवर. कुणी म्हणायचं, लोकांचा कराचा पैसा आहे, दवाखान्यांना द्या, मालकाला कशाला? कुणी म्हणायचं, मालक गेला खड्ड्यात, पण आपण आणि आपल्यावर जगणारे भोसरी-चाकणचे छोटे कारखाने, त्यांचं काय? मी दोन्हीकडे मान डोलवायचे. दोन्ही पटायचं.

आमचे प्लांट हेड भागवत साहेब. त्यांनी मला केबिनमध्ये बोलावलं.

"वाघमारे, ही ब्रेकची भानगड काय आहे? तक्रार खरी आहे की नाही?"

"खरी वाटते, सर."

"वाटते म्हणजे? कारण काय?"

"ते सापडलेलं नाही."

"मग खरी कशावरून?"

 एवढी माणसं, एकमेकांना न ओळखणारी, सारखीच थाप कशाला मारतील, एवढंच मी म्हणाले. साहेबांनी चष्मा काढून डोळे चोळले.

"समिती यायच्या आत मला हो किंवा नाही सांगा. मधलं काही नको."

मी सांगवीला राहते, वडिलांबरोबर. पप्पा भोसरीच्या एका कारखान्यात, पत्रे दाबून भाग काढणाऱ्या प्रेस शॉपला होते. मी शाळेत असताना तो कारखाना बंद पडला. एका सकाळी गेटला कुलूप. कुणी पॅकेज मागितलं नाही, कुणी दिलं नाही. पप्पांनी मग रिक्षा चालवली, वॉचमन झाले, आम्हा दोघी बहिणींना शिकवलं. आता संध्याकाळी ते बुद्धविहाराच्या कट्ट्यावर बसतात. तिथं सगळे रिटायर्ड कामगार. तिथंही पॅकेजचाच विषय.

"पप्पा, तुम्हाला काय वाटतं? द्यावं का सरकारनं?"

"अजिबात नाही," ते म्हणाले. "आमच्या वेळी दिलं होतं का? आणि दिलं असतं तरी आणखी दोन वर्षं ओढली असती. मग बंदच. त्यापेक्षा लवकर रिक्षा घेतली ते बरं झालं."

दुसऱ्या दिवशी कट्ट्यावरून आले ते वेगळंच म्हणत.

"द्यायला पाहिजे गं. त्या वेळी कुणी हात दिला असता तर शिर्के गेला नसता." शिर्के त्यांचे प्रेसवरचे जोडीदार. कारखाना बंद पडल्यावर त्यांनी जिवाचं बरं-वाईट करून घेतलं होतं. त्याबद्दल पप्पा फारसं बोलत नाहीत.

"काल तर नाही म्हणालात."

"काल काल होता," ते म्हणाले आणि टीव्ही लावला.

मी ठरवलं, गराड्यांच्या गाडीतून स्वतः जायचं. पंपाजवळ एक सेन्सर लावला, बूस्टरजवळ दुसरा, दोन्हींच्या वायरी केबिनमध्ये लॅपटॉपला जोडल्या. दोन्हीकडचा व्हॅक्यूम सतत नोंदला जाईल अशी सोय केली. मागे पाण्याचे ड्रम भरून दुधाएवढं वजन केलं. गराडे चालवायला, मी शेजारी, मांडीवर लॅपटॉप. जुन्या हायवेनं खंडाळ्याचा घाट उतरून खोपोलीला जायचं आणि परत यायचं. घाटात ब्रेक तापणार, इंजिन तापणार, जे व्हायचं ते तिथंच होईल, असा माझा हिशोब.

घाटात काहीच झालं नाही. गाडी लोण्यासारखी उतरली. गराडे दर वळणावर माझ्याकडे बघायचे आणि मी लॅपटॉपकडे. स्क्रीनवर दोन सरळ रेघा. खोपोलीत आम्ही वडापाव खाल्ला. ते म्हणाले, "आज तिला म्हाईत हाय, तुमी बसलाय म्हून." मी हसले, पण मनातून वैतागले होते. परतीचा चढही नीट पार पडला. लोणावळा, कामशेत, तळेगाव. काही नाही. उद्या साहेबांना 'नाही' सांगून मोकळं व्हावं, असं मी ठरवत आणलं.

तळेगाव-चाकण रस्त्यावर नेहमीची कोंडी होती. कंटेनर, ट्रेलर, कंपन्यांच्या बसगाड्या. दहा पावलं पुढं, थांबा. दहा पावलं पुढं, थांबा. मग एका ठिकाणी रस्ता मोकळा झाला आणि गराड्यांनी वेग घेतला. पुढचा कंटेनर अचानक थांबला.

गराड्यांनी ब्रेक दाबला. मी त्यांच्या पायाकडे नाही, चेहऱ्याकडे बघितलं, आणि मला कळलं. ते सीटवरून अर्धे उठले होते. दोन्ही पाय पेडलवर. गाडी चालतच होती. कंटेनरच्या मागची लोखंडी पट्टी माझ्या तोंडासमोर मोठी मोठी होत चालली होती.

"धरा!" ते ओरडले. हँडब्रेक ओढला, गाडी खालच्या गिअरमध्ये टाकली आणि स्टिअरिंग डावीकडे फिरवलं. रस्त्याच्या कडेला कामासाठी टाकलेला मुरमाचा ढीग होता. आम्ही त्यात जाऊन घुसलो. लॅपटॉप माझ्या पायाशी पडला. पाण्याचा एक ड्रम मागून आदळला.

 मला माझेच दात वाजताना ऐकू आले.

गराडे माझ्याकडे वळले. कपाळावर घाम होता, आणि माणूस हसत होता. इतका आनंद मी कुणाच्या तोंडावर क्वचित पाहिलाय.

"बघितलं का? बघितलं का, मॅडम? मी म्हनलं न्हवतं?"

"बघितलं," मी म्हणाले. "पुन्हा दाबा बरं."

त्यांनी पेडल दाबलं. इंजिन चालूच होतं. पेडल घट्ट होतं. आणखी थोडा वेळ घट्ट राहिलं. मग काहीतरी 'फुस्स' झालं आणि पेडल मऊ पडलं. जणू कधी काही झालंच नव्हतं. मी धावत जाऊन पुढचं झाकण उघडलं. होजला हात लावला. गरम, पण गोल, नीट. कुठं चपटा नाही, कुठं चीर नाही.

लॅपटॉप फुटला नव्हता, आणि त्याचा मला खरोखर दिलासा वाटला. पंपाकडची रेघ सरळ होती. बूस्टरकडची रेघ कोंडीतल्या प्रत्येक ब्रेकबरोबर एकेक पायरी खाली उतरत गेली होती आणि शेवटी तळाला टेकली होती. मग ढिगात घुसल्यावर थोड्या वेळानं पुन्हा वर. घाटात का झालं नाही, तेही आता समजलं. घाटात गराडे गिअरवर गाडी उतरवत होते, ब्रेक कमी लागत होता. कोंडीत पेडल सारखं दाबावं लागतं. बूस्टरमधला साठा संपतो आणि नवा येत नाही.

म्हणजे पंप चांगला. बूस्टर चांगला. दोष मधल्या होजमध्ये, नाहीतर होजच्या आतल्या व्हॉल्व्हमध्ये.

इथपर्यंत सगळं स्पष्ट होतं. पुढं होईना.

होजचा आतला रबरी थर गरम झाल्यावर सुटून आत ओढला जात असेल, तर नळी आतून बंद होईल आणि थंड झाली की उघडेल. बाहेरून काही दिसणार नाही. किंवा व्हॉल्व्ह तेलाच्या वाफेनं चिकटत असेल. दोन्हींचा परिणाम एकच. आणि व्हॉल्व्ह होजच्या आत असल्यामुळे कापल्याशिवाय आतलं दिसत नाही. कापलं की तो होज पुन्हा गाडीला लावून तपासता येत नाही.

आम्ही तो होज लॅबमध्ये भट्टीत तापवला, व्हॅक्यूम दिला. काही झालं नाही. पुन्हा तापवला. काही नाही. शेवटी कापला. आतल्या थराला बारीक सुरकुती होती. मग एका कधीही तक्रार न आलेल्या गाडीचा होज कापला. त्यालाही तशीच सुरकुती. व्हॉल्व्ह काढून बघितला. एकदा अडकला. फक्त एकदा. लॅबमधले सगळे गोळा झाले, तोवर सुटला आणि परत काही अडकला नाही. कोल्हापूरहून आलेल्या होजचा व्हॉल्व्ह चकचकीत होता आणि थर मात्र चांगलाच सुटलेला. नाशिकच्याचं बरोबर उलट.

होज बनवणारे शिंदे भोसरीचे. छोटा कारखाना, पंधरा-वीस माणसं, त्यांत निम्म्या बायका. व्हॉल्व्ह ते दुसऱ्याकडून घेऊन आत बसवायचे. ते स्वतः लॅबमध्ये येऊन बसले.

"मॅडम, माझं रबर चुकलं असेल तर तसं सांगा. मी बदलतो."

"सांगता येत नाही, शिंदे साहेब."

"मग व्हॉल्व्ह चुकलाय असं सांगा."

"तेही सांगता येत नाही."

"असं कसं? काहीतरी चुकलंच असेल ना? ब्रेक काय भुतानं अडवला?"

ते रागावले नव्हते. त्यांना खरंच कळत नव्हतं. मलाही नाही. आम्ही दोघं कापलेल्या नळीच्या दोन फाकांकडे बघत बसलो.

मी भागवत साहेबांना सगळं सांगितलं. ते ऐकून घेत होते तेव्हा युनियनचे अध्यक्ष दत्ताभाऊही तिथं होते. दत्ताभाऊ मूळचे लातूरकडचे, असेंब्ली लाइनवरच वय गेलेलं. पॅकेजसाठी युनियन आणि मॅनेजमेंट पहिल्यांदाच एका बाजूला आले होते, म्हणून त्यांचं केबिनमध्ये येणं-जाणं वाढलं होतं.

"सर, मला वाटतं रिकॉल करावा लागेल," मी म्हणाले.

रिकॉल म्हणजे विकलेल्या गाड्या परत बोलावून दोष असलेला भाग कंपनीच्या खर्चानं बदलून देणं. सुरक्षेचा दोष असेल तर कंपनीनं स्वतःहून सरकारला कळवायचं असतं.

"कशाचा रिकॉल?" साहेब म्हणाले. "काय बदलणार? कारण माहीत नाही, तर नवा भाग तरी चांगला कशावरून? उद्या पुन्हा झालं तर पुन्हा बोलावणार?"

हा प्रश्न बरोबर होता. मीही स्वतःला तोच विचारत होते.

"मॅडम," दत्ताभाऊ म्हणाले, "जरा थांबा की. समिती येऊन जाऊ द्या. आधी हमी मिळू द्या. मग काढा तुमचं रिकॉल. आता काढलं तर ते म्हनतील, यांच्या गाड्याच धड नाहीत, यांना कशाला वाचवायचं?"

"आणि तोवर कुणी कंटेनरखाली गेलं तर?"

"अन् कंपनी गेली तर? माझी एवढी पोरं रस्त्यावर. ती नाही का माणसं?"

 मला मुरमाचा ढीग दिसत होता आणि पप्पांचे शिर्के दिसत होते. कुठलं जास्त वजनाचं हे ठरवणं माझ्या खात्यात येत नव्हतं.

भागवत साहेबांनी आम्हा दोघांकडे आळीपाळीनं पाहिलं. मग म्हणाले, "असं करू. समितीनं विचारलं तर खरं सांगा. नाही विचारलं तर स्वतःहून काढू नका. आणि तक्रार आलेल्या गाड्यांना आजपासून होज बदलून द्या." मग जरा थांबून, "हे बरोबर आहे का, वाघमारे?"

प्लांट हेड मला विचारत होते. मी म्हणाले, "माहीत नाही, सर."

समिती आली. चार-पाच माणसं आणि त्यांच्या प्रमुख एक ज्येष्ठ अधिकारी बाई. बारीक अंगाच्या, हळू बोलणाऱ्या. त्यांनी प्लांट बघितला, रंगवलेल्या भिंतींकडे ढुंकून पाहिलं नाही. कॉन्फरन्स रूममध्ये फायनान्सवाल्यांनी आलेख दाखवले. मग माझं क्वालिटीचं प्रेझेंटेशन. ठरल्याप्रमाणे त्यात ब्रेक नव्हता. शेवटची स्लाइड झाली. मी सुटकेचा श्वास घेतला, आणि त्या म्हणाल्या,

"सुरक्षेशी संबंधित एखादी तक्रार सध्या उघडी आहे का? म्हणजे तपास चालू आहे अशी?"

सगळे माझ्याकडे बघायला लागले. भागवत साहेबांनी मान किंचित हलवली. हो म्हणून हलवली की नाही म्हणून, हे मला त्या क्षणी खरंच कळलं नाही.

"आहे, मॅडम," मी म्हणाले. "ब्रेकची."

आणि सांगितलं. गराडे, घाट, कोंडी, ढीग, दोन रेघा, सुरकुती, अडकलेला व्हॉल्व्ह. सांगताना माझ्या लक्षात येत होतं की गोष्ट जितकी पुढं जातेय तितकी ती गोंधळाचीच होतेय. त्यांनी मला मधे एकदाही थांबवलं नाही.

"म्हणजे दोष कुठल्या भागात आहे, हे तुम्हाला माहीत नाही."

"दोहोंपैकी एकात आहे. कुठल्या, ते माहीत नाही."

"आणि तरीही रिकॉल करावा असं तुमचं मत आहे?"

"हो, मॅडम. मी त्या गाडीत बसले होते."

हे काही इंजिनिअरचं उत्तर नव्हे. पण माझ्याकडे दुसरं नव्हतं.

त्या भागवत साहेबांकडे वळल्या. "एखादी कंपनी सदोष गाड्या विकते, त्या दुरुस्त करायची ऐपत तिच्यात उरत नाही, आणि लोकांनी कर भरून ती वाचवायची. हे मी मंत्रालयात कोणत्या तोंडानं सांगू?"

 बोलले ते दत्ताभाऊ. ते युनियनच्या वतीनं कोपऱ्यात बसले होते. त्यांना कुणी विचारलंही नव्हतं.

"मॅडम, एक बोलू का? कंपनी बंद पडली तर हे होज बदलून कोन देनार?"

ते खुर्चीतून थोडे पुढं सरकले.

"त्या गाड्या तर फिरतच राहनार ना रस्त्यावर. ड्रायव्हर लोकांनी कुनाकडं जायचं मग? गेटला कुलूप असंल."

अधिकारी बाईंनी त्यांच्याकडे नीट पाहिलं. "ही विनंती आहे की धमकी?"

दत्ताभाऊंनी डोकं खाजवलं. "मलाबी कळंना गेलंय, मॅडम," ते म्हणाले.

त्या पहिल्यांदाच किंचित हसल्या, असं मला वाटलं. मग चहा आला आणि त्या निघून गेल्या.

त्यानंतरचे दिवस वाईट गेले. कॅन्टीनमध्ये मी बसले की आजूबाजूची ताटं जरा लवकर उचलली जायची. मी पॅकेज घालवलं, असं बोललं जात होतं. कुणी तोंडावर म्हणालं नाही, कंपनीच्या बसमधला एक मशीन ऑपरेटर सोडला तर. तो म्हणाला, "मॅडम, खरं बोलायचं ते घरी बोलायचं." दत्ताभाऊ मात्र माझ्याच टेबलावर येऊन बसायचे. त्यांना माझी बाजू पटली होती असं नाही. "दोघांनी मिळून बुडवलंय, तर जेवू बी मिळूनच," असं त्यांचं म्हणणं.

मग एका सकाळी भागवत साहेबांनी बोलावलं. मुंबईहून मालकांचा निरोप आला होता. रिकॉल जाहीर करायचा. त्या मॉडेलच्या सगळ्या गाड्या. होजही बदलायचा, व्हॉल्व्हही. होज नव्या रबराचा, व्हॉल्व्ह वेगळ्या बनावटीचा आणि होजच्या आत नाही, बाहेर. म्हणजे पुढंमागं काही झालं तर निदान दिसेल तरी.

"दोन्ही बदलले तर खरं कारण कधीच कळणार नाही, सर," मी म्हणाले. "आधी काही गाड्यांवर एकेक बदलून बघू या का?"

"म्हणजे निम्म्या ड्रायव्हरांवर प्रयोग?"

 दोन्ही बदलले.

रिकॉल कागदावर सोपा असतो. प्रत्यक्षात गाडी तिसऱ्या माणसाला विकलेली असते, फोन नंबर बदललेला असतो, आणि जो सापडतो तो म्हणतो, माझा ब्रेक चांगला लागतो, दिवसाचा धंदा बुडवून कशाला येऊ? आम्ही दूध डेऱ्यांवर, मार्केट यार्डात, भाजी मंडईत मेकॅनिक पाठवले. गराड्यांनी आपण होऊन मदत केली. त्यांनी मावळातल्या टेम्पोवाल्यांना गोळा केलं आणि तळेगावला रांगेत उभं केलं. मी गेले तेव्हा ते मुरमाच्या ढिगाची गोष्ट सांगत होते. त्यात कंटेनर आता दोन झाले होते.

सरकारचा निर्णय बराच उशिरा आला. करात सवलत मिळाली नाही. कर्जाला हमी मिळाली, तीही एका अटीवर की आधी रिकॉल पूर्ण करायचा. समितीला आमचं खरं बोलणं आवडलं म्हणून मिळाली, की आवडलं नाही म्हणून अर्धीच मिळाली, की आमच्या बोलण्याचा काही संबंधच नव्हता, हे मी भागवत साहेबांना विचारलं. ते म्हणाले, त्यांनाही कुणी सांगितलेलं नाही. कंपनी चालू राहिली. पण तिसरी शिफ्ट बंद झाली आणि कंत्राटी मुलं गेली. दत्ताभाऊंनी त्यांतल्या बऱ्याच जणांना इकडंतिकडं चिकटवलं. सगळ्यांना नाही.

नवा होज शिंद्यांकडून घेतला नाही. पर्चेसवाल्यांना धोका नको होता. शिंदे मला भेटायला आले. त्यांचं आता शेतीच्या फवारणी पंपांच्या नळ्यांचं काम चालू होतं. काही बायकांना त्यांनी कमी केलं होतं.

"एकच विचारतो, मॅडम. दोष माझा होता का?"

"माहीत नाही, शिंदे साहेब."

"निदान नव्हता असं तरी म्हणा."

मला म्हणता आलं नाही. ते चहा न घेता गेले. या सगळ्यात मला सर्वांत जास्त त्रास त्या एका गोष्टीचा झाला, अजूनही होतो.

नवे भाग बसल्यापासून पेडल घट्ट झाल्याची एकही तक्रार आलेली नाही. गराडे भेटले की म्हणतात, "दगड गेला." कुठला दगड गेला, हे त्यांना सांगता येत नाही आणि मलाही.

नवीन इंजिनिअर आले की मी त्यांना ही केस शिकवते. सगळं ऐकून झालं की कुणीतरी हमखास हात वर करून विचारतं, मॅडम, मग यातून घ्यायचं काय? मी सांगते, कारण शोधा, जीव तोडून शोधा. पण ते सापडेपर्यंत गाडी रस्त्यावर ठेवू नका. आणि साहेबांनी विचारलं तर 'माहीत नाही' हे पहिल्याच वाक्यात सांगा, शेवटच्या नाही. याचं बक्षीस मिळेल अशी अपेक्षा ठेवू नका. त्या वर्षीच्या माझ्या अप्रेझलमध्ये भागवत साहेबांनी लिहिलं होतं, 'निर्णयात अधिक स्पष्टता हवी.' मी खाली सही केली. शेरा तसा बरोबरच होता.